मूल मागे का पडते? खान्देशातील शिक्षक आणि पालकांसाठी मार्गदर्शिका

तिसरीतील एक मुलगा वहीत ‘शाळा’ऐवजी ‘शाया’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘कोण’ऐवजी ‘कोन’ लिहितो. ही चूक कशाची आहे? त्याला अक्षरांचे आकार ओळखता येत नाहीत, त्याला शब्द नीट ऐकू येत नाही, की तो घरी जसा बोलतो तसेच त्याने इमानदारीने लिहिले आहे? पुढचे सारे या उत्तरावर अवलंबून असते. आणि तरीही बहुतेक वेळा हा प्रश्न विचारला जाण्याआधीच मुलाच्या नावापुढे ‘अप्रगत’ हा शेरा पडलेला असतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा आणि हायस्कुलांत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी, तसेच “तुमचे मूल मागे आहे” एवढेच ऐकून शाळेतून परतणाऱ्या पालकांसाठी हे लिहिले आहे. कामाचा क्रम असा असावा: आधी मुलाची पाहणी, मग वर्गात लहान-लहान बदल, त्यानंतर गरज असल्यास वैद्यकीय तपासणी आणि शेवटी कागदपत्रे. प्रत्यक्षात हा क्रम नेमका उलटा चालतो. ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ या एका वाक्यात मुलाची दोन-तीन वर्षे सहज निघून जातात, आणि पहिली-दुसरीतील ही वर्षे नंतर भरून काढणे फार जड जाते.

घरची बोली आणि शाळेची मराठी

अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’चा उच्चार बहुधा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’ होतो. जळगावला ‘जयगाव’ म्हणणाऱ्या घरातील मुलाने ‘केळी’चे ‘केयी’ लिहिले, तर त्याचा कान शाबूत आहे आणि ऐकलेला ध्वनी अक्षरात उतरवण्याची त्याची क्षमताही शाबूत आहे, असाच त्याचा अर्थ होतो. त्याला फक्त एवढे सांगायचे असते की घरी आपण ‘केयी’ म्हणतो आणि पुस्तकात ‘केळी’ लिहितात. सातपुड्याच्या पट्ट्यात तर प्रश्न याहून खोल आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या तालुक्यांत घरी भिली किंवा पावरी आणि नवापूरच्या बाजूला मावची बोलणाऱ्या मुलासाठी मराठी हीच मुळात दुसरी भाषा असते, आणि पहिलीच्या वर्गात तो गप्प बसतो तेव्हा त्याला न समजलेल्या भाषेत कोणताही शहाणा माणूस जसा गप्प बसेल तसाच तो बसलेला असतो.

बोलीमुळे होणारी चूक आणि अध्ययन अक्षमतेमुळे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीमुळे, होणारी चूक यांत फरक करण्याचा एक साधा मार्ग आहे. तेच दहा शब्द आठवड्यातून तीन वेगवेगळ्या दिवशी सांगून लिहून घ्यावेत आणि तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. बोलीतून आलेली चूक नियमाने वागते. ‘ळ’ जिथे-जिथे येतो तिथे-तिथे ‘य’ पडतो आणि बाकीची अक्षरे जागेवर राहतात. वाचन-लेखनाची अक्षमता असलेल्या मुलाच्या चुका मात्र दिवसागणिक बदलतात. सोमवारी ‘डोळा’चे ‘डोला’, बुधवारी ‘दोळा’, शुक्रवारी ‘डोळ’. काना-मात्रा निसटतात, अक्षरांची अदलाबदल होते आणि आपण लिहिलेलेच त्याला थोड्या वेळाने वाचता येत नाही.

दुसरी कसोटी बोलण्याची आहे. मुलाला त्याच्या घरच्या बोलीत कालच्या बाजाराची किंवा बैल हरवल्याची हकिगत सांगायला लावावी. शिक्षकाला पावरी येत नसेल तर वरच्या वर्गातील त्याची बहीण किंवा अंगणवाडीच्या मदतनीस ताई शेजारी बसवाव्यात. हकिगतीला सुरुवात, मधला भाग आणि शेवट असेल, समोरचे मूल ऐकताना हसत असेल, तर मुलाची भाषेची शक्ती उत्तम आहे आणि उणीव आपल्या शिकवण्याच्या भाषेत आहे. घरच्या बोलीतही वाक्य जुळत नसेल, आई सांगत असेल की तो बोलायलाच तीन-साडेतीन वर्षांचा असताना लागला, तर मात्र गोष्ट पुढे न्यायला हवी. अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात शिक्षकाने ‘आठे ये’ (इकडे ये), ‘बठ’ (बस) एवढे जरी त्यांच्या बोलीत म्हटले आणि ‘माले समजनं नही’ असे वर्गात मोकळेपणाने म्हणू दिले, तरी पाहणी कितीतरी सोपी होते.

येथे उलट बाजूचा एक इशारा द्यावासा वाटतो. बोलीचे कारण सगळ्यांनाच लागू करणेही तितकेच घातक ठरते. अहिराणी बोलणाऱ्या मुलालाही वाचन-अक्षमता असू शकते, आणि ‘घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू’ असे म्हणत पाचवी-सहावीपर्यंत ढकललेली मुले प्रत्येक गावात आहेत.

हजेरी, कान आणि डोळे

मुलाविषयी काही मत बनवण्याआधी हजेरीपट उघडून बसावे. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास गेलेली कुटुंबे उन्हाळ्यात परततात, कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी बहीण लहान भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते. वर्षातून चार-पाच महिने वर्गात नसलेल्या मुलाला वाचता येत नाही यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ती मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याचे शिक्षण चालू राहावे यासाठीच. अशा मुलाला आधी सहा ते आठ आठवडे सलग, रोज, त्याच्या पातळीवरून शिकवून पाहावे. त्याच्याइतकेच गैरहजर राहिलेले दुसरे मूल या काळात पुढे सरकले आणि हे मूल जागचे हलले नाही, तर शंकेला आधार आहे.

कानाच्या दोषाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण पूर्ण ऐकू न येणारे मूल कोणालाही कळते, अर्धवट ऐकू येणारे कळत नाही. ज्याचा कान वारंवार वाहतो, जो हाक मारल्यावर कधी बघतो कधी नाही, जो सूचना ऐकण्याऐवजी शेजाऱ्याकडे पाहून तसे करतो, ज्याच्या बोलण्यात ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी गळतात, त्याला बहुधा ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी बसतात. शांत खोलीत पाच-सहा हात मागे उभे राहून, तोंडावर वही धरून, हलक्या आवाजात ओळखीचे शब्द म्हणावेत आणि मुलाने ते परत म्हणून दाखवावेत; दोन-तीनदा चुकल्यास कानाच्या डॉक्टरांकडे पाठवावे. पत्र्याच्या छपराखाली पाऊस पडत असताना तर चांगल्या कानाच्या मुलांनाही काही ऐकू येत नाही, त्या वेळी घेतलेल्या श्रुतलेखनावरून कोणाचीही परीक्षा करू नये.

डोळ्यांसाठी इंग्रजी ‘E’ अक्षराच्या आकारांचा तक्ता सहा मीटरवर टांगून, एकेक डोळा झाकून, रेघांची तोंडे कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायला सांगावे, अक्षरे न येणाऱ्या मुलालाही हे जमते. पुस्तक नाकाशी धरणे, फळ्यावरचे उतरवताना उठून पुढे जाणे, संध्याकाळ झाली की अडखळणे या खुणा लक्षात ठेवाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. त्या दिवशी पथकासमोर साठ मुलांची रांग उभी करण्याआधी, आपल्याला शंका असलेल्या चार-पाच मुलांची नावे आणि प्रत्येकाविषयी दोन ओळी लिहून त्यांच्या हातात दिल्या, तर त्या तपासणीला खरा अर्थ येतो.

अक्षरे आणि आकडे

विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेले मूल बुद्धीने कमी नसते. ते तोंडी उत्तरे पटापट देते, शेतातले यंत्र खोलून परत जोडते, पण वाचायला उभे केले की घाम फुटतो. घरच्यांना ते आळशी वाटते आणि शिक्षकांना नाटकी.

देवनागरीची स्वतःची काही अवघड ठिकाणे आहेत आणि मदत तिथेच द्यावी लागते. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर येते. ‘सूर्य’मधला रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो. ‘ख’ आणि ‘रव’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ हे एकमेकांसारखे दिसतात. अशा जोड्या एकाच दिवशी कधीही शिकवू नयेत; ‘घ’ पक्का झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ‘ध’ घ्यावा. अक्षर वाळूत किंवा पिठाच्या ताटात बोटाने गिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करायला लावावा, म्हणजे डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. वेलांट्या एका रंगाने आणि काना-मात्रा दुसऱ्या रंगाने लिहिलेल्या पट्ट्या वर्गभर उपयोगी पडतात. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर सरकवत वाचायला दिले की ओळ सुटत नाही.

वर्गात काही गोष्टी टाळाव्यात. अशा मुलाला परिपाठात अचानक सुविचार किंवा बातम्या वाचायला उभे करू नये. वाचायला द्यायचेच असेल तर आदल्या दिवशी तेवढाच मजकूर घरी द्यावा. फळ्यावरून दोन पाने उतरवून घेण्यात त्याची सगळी शक्ती संपते आणि धडा कळत नाही, म्हणून उतारा हातात द्यावा व त्यातील मोजके शब्द लिहून घ्यावेत. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायला लावणे ही शिक्षा तर बंदच करावी, कारण ते मूल चुकीचा शब्द पन्नास वेळा लिहिते आणि चूकच पक्की होते. विज्ञान किंवा इतिहास त्याला किती कळला हे तोंडी विचारून पाहावे. शुद्धलेखनाचे गुण शुद्धलेखनाच्या तासाला कापावेत, भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत नव्हे.

आकड्यांच्या बाबतीत मराठीची एक अडचण सगळ्याच मुलांना छळते. आपण ‘सत्तावीस’ म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी येतो. ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारे मूल कानाने ऐकले त्याच क्रमाने लिहीत असते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी जोडसंख्या वाचण्याची पर्यायी पद्धत दिली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ टीका आणि विनोद झाले. परंतु गणितात अडखळणाऱ्या मुलासाठी ती पद्धत खरोखरच हात देणारी आहे असे माझे मत आहे, आणि ‘सत्तावीस’ हा शब्द त्याला नंतरही शिकवता येतो. कापूस निघून गेल्यावर खान्देशात पऱ्हाटीच्या काड्यांना तोटा नसतो. दहा-दहा काड्यांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन हातचा म्हणजे काय, गठ्ठा सोडणे म्हणजे काय हे महिना-दोन महिने हातानेच करू द्यावे, आणि कागदावरची उभी मांडणी त्यानंतर आणावी. पाढे पाठ होत नसतील तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून उदाहरणे सोडवू द्यावीत. पाठांतरासाठी गणित अडवून ठेवू नये.

इतर गरजा, थोडक्यात आणि कामापुरते

बौद्धिक अक्षमता असलेले मूल बहुतेक बाबतींत त्याच्या वयाच्या मागे चालते. त्याच्यासाठी एक काम लहान पायऱ्यांत तोडणे आणि तीच पायरी अनेक दिवस वेगवेगळ्या ठिकाणी करून घेणे हाच मार्ग आहे. आठवडे बाजारात दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन उरलेले पैसे परत आणणे हे त्याच्यासाठी मराठी, गणित आणि व्यवहार या तिन्हींचे शिक्षण आहे. बारा वर्षांच्या मुलाला बालवाडीची गाणी म्हणायला लावू नयेत. शिकण्याची पातळी खालची असली तरी वयाचा मान राखावा.

स्वमग्न मुलाला ऐकण्यापेक्षा पाहिलेले जास्त कळते आणि अचानक बदल सहन होत नाही. दिवसाचे वेळापत्रक चार-पाच चित्रांत भिंतीवर लावावे आणि संपलेल्या तासाचे चित्र त्याच्याच हाताने काढायला लावावे. परिपाठातील ढोल आणि ध्वनिक्षेपक, सुट्टीच्या घंटेचा कर्कश आवाज यांमुळे ते कान झाकून पळत असेल तर त्याला रांगेच्या टोकाला, ध्वनिक्षेपकापासून दूर उभे करावे. खिचडीला हात लावत नसेल तर ते हट्ट करत आहे असे लगेच समजू नये. ओलसर, गिचका पदार्थ त्याच्या जिभेला खरोखर सहन होत नसतो. अतिचंचल मुलाला फळा पुसणे, वह्या वाटणे अशी उठण्या-बसण्याची कामे सोपवावीत, सूचना एका वेळी एकच द्यावी आणि खिडकी-दारापासून दूर, शिक्षकाजवळ बसवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत अतिचंचलता हा स्वतंत्र प्रकार नाही, म्हणून तिला मदतीची गरज नाही असे मात्र होत नाही.

मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) हातापायांवर ताबा नसलेल्या मुलाची बैठक आधी सुधारावी. पाय लटकत राहिले की हातही स्थिर राहत नाही, म्हणून पायाखाली फळी ठेवावी. पेन्सिलीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पकड जमते. ते बोलायला वेळ घेत असेल तर वाक्य आपण पुरे करू नये. उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प, एक फूट उंचीला किमान बारा फूट लांब असावा लागतो. आपल्याकडच्या कित्येक शाळांतील रॅम्प पाहिले की ती घसरगुंडी आहे की रस्ता असा प्रश्न पडतो, आणि त्यावरून चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसे लागतात.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला पुढे, पण उजेड शिक्षकाच्या तोंडावर पडेल अशा बाजूला बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये. खान्देशातील उन्हाळ्यात घामाने यंत्र लवकर बिघडते, त्यामुळे ते दुपारी पुसून कोरडे करण्याची सवय मुलालाच लावावी. दृष्टिहीन मुलासाठी फळ्यावर लिहितो ते तोंडाने म्हणणे आणि ‘इकडे’, ‘तिकडे’ऐवजी ‘तुझ्या उजव्या हाताला’ असे म्हणणे ही शिक्षकाची रोजची सवय व्हावी. ब्रेल शिकवण्यासाठी विशेष शिक्षकाची मागणी गटसाधन केंद्राकडे लेखी करावी.

फिट येणाऱ्या मुलाविषयी सर्व शिक्षकांना आणि वर्गातील मुलांनाही माहिती असली पाहिजे. कांदा, चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूची बाके सरकवावीत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, मुलाला एका कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत किंवा शुद्धीवर येण्याआधीच पुन्हा सुरू झाले तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

सिकलसेल: खान्देशातील शिक्षकाला माहीत असायलाच हवे असे

भिल्ल, पावरा आणि सातपुड्याच्या परिसरातील इतर आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील प्रकारांत त्याचा समावेश आहे, हे अनेक शाळांच्या गावीही नसते. आई आणि वडील या दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते; एकाकडूनच आला तर ते वाहक असते आणि बहुधा निरोगी जगते. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम आणि ताप ही वेदना उसळण्याची नेहमीची कारणे आहेत.

म्हणून अशा मुलाच्या बाकावर पाण्याची बाटली कायम असावी आणि लघवीला जाण्यासाठी त्याला परवानगी मागावी लागू नये. मैदानावर दम लागला की बसण्याची मुभा असावी, परंतु खेळातून त्याला कायमचे बाहेर काढू नये. आश्रमशाळेत थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्याने आंघोळ करायला लावणे या मुलासाठी थेट धोक्याचे आहे. अधीक्षकांना ही गोष्ट लेखी कळवावी. ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. महिन्यातून तीन-चार दिवस गैरहजर राहणाऱ्या या मुलाला शिक्षा न करता सुटलेला अभ्यास जोडीदाराच्या वहीतून द्यावा. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले असून शासकीय आरोग्य यंत्रणेमार्फत रक्ताची तपासणी केली जाते. मात्र कोण रुग्ण, कोण वाहक ही माहिती वर्गात किंवा गावात उघड होऊ देऊ नये, कारण पुढे सोयरीक जुळवताना तीच माहिती मुलीच्या आड येते.

घरच्यांशी बोलताना

वडिलांना शाळेत बोलावून सर्वांसमोर सांगण्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसणे चांगले. “मना पोऱ्या येडा शे का, सर?” हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि त्याला घाईने ‘नाही, नाही’ असे उत्तर दिले तर पुढे कोणी तपासणीला येत नाही. आधी मुलाला काय येते ते सांगावे, आणि तेही खरे व नेमके असावे: “आबा, तुमच्या मुलाला वीस गुरांमधले आपले कोणते ते लांबून ओळखता येते, हिशेब तोंडी येतो, लिहिलेले वाचताना मात्र अक्षरे त्याला दगा देतात, ते कशामुळे हे आपण तपासून घेऊ.” आजाराचे नाव शिक्षकाने स्वतः ठरवून सांगू नये, निदान करणे हे डॉक्टरांचे आणि तज्ज्ञांचे काम आहे.

आईशी स्वतंत्र बोलावे. गरोदरपण, बाळंतपण, मूल उशिरा रडले का, कधी बसले, कधी चालले, कधी बोलले हे तिलाच ठाऊक असते, आणि सासू-सासऱ्यांसमोर ती ते सांगत नाही, कारण दोष आपल्यावरच येणार हे तिला माहीत असते. मुलातील कमतरता ग्रहणामुळे येत नाही हे घरातील मोठ्यांना स्पष्ट सांगणे हाही मदतीचाच भाग आहे. मनुदेवीला किंवा सप्तशृंगीला नवस बोलला असेल तर त्याची थट्टा करू नये. नवस जरूर फेडा, पण त्याच फेरीत कानही तपासून या, असे म्हटले तर लोक ऐकतात. भगताने डाग देण्याचे किंवा उपाशी ठेवण्याचे सुचवले असेल तर मात्र तिथे ठामपणे आडवे यावे.

कागदपत्रे आणि हक्क

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते एकवीस केले आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसेमिया हे त्या यादीत आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे. प्रमाणपत्र नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

शाळेच्या पातळीवर प्राथमिक पडताळणीसाठी एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) ‘प्रशस्त’ नावाची प्रश्नावली तयार केली आहे. ती भरल्याने निदान होत नाही, पण पुढे कोणाला पाठवायचे ते ठरते. त्यानंतर समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना केंद्रप्रमुखांमार्फत बोलवावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड, यांसाठी पालकांनी ऑनलाइन अर्ज करावा आणि शासकीय रुग्णालयात तपासणीच्या ठरलेल्या दिवशी जावे. कोणत्या दिवशी कोणते तज्ज्ञ असतात हे आधी फोनवर विचारून घ्यावे, कारण धडगाव-मोलगीकडून मजुरी बुडवून आलेल्या कुटुंबाला ‘आज कानाचे डॉक्टर नाहीत’ असे ऐकून परतावे लागले तर ते पुन्हा येत नाही. सोबत आधार कार्ड, छायाचित्रे, जुनी औषधे व कागद, आणि शिक्षकाने लिहिलेली एक पानाची निरीक्षणे द्यावीत. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणपणे आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. तोपर्यंत थांबायचे ते प्रमाणपत्रासाठी, मदतीसाठी नाही.

दहावी-बारावीत लेखनिक, जादा वेळ आणि काही विषयांत पर्याय मिळतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटे असतो. त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे वेळेत प्रस्ताव जावा लागतो, म्हणून हे काम आठवी-नववीतच हाती घ्यावे. लेखनिकाला उत्तर सांगणे हेही एक कौशल्य आहे. सहामाही परीक्षेपासून त्याचा सराव झाला नसेल तर मिळालेली सवलत परीक्षेच्या खोलीत वाया जाते.

आराखडा आणि पुढच्या शिक्षकासाठी एक पान

प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहिताना ‘वाचनात प्रगती करणे’ असे मोघम उद्दिष्ट लिहू नये. ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षर नसलेले पाच ओळींचे परिच्छेद खिडकीच्या पुठ्ठ्याने वाचेल आणि तीनपैकी दोन प्रश्नांची तोंडी उत्तरे देईल’ असे लिहिले तर ते झाले की नाही हे आईलाही सांगता येते. एका सत्रात तीनपेक्षा जास्त उद्दिष्टे नकोत. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की मुलाची औषधाची वेळ, नाश्ता आणि झोप सारेच बदलते, तेव्हा आराखडाही त्याप्रमाणे हलवावा. बहुशिक्षकी शाळेत हा आराखडा कपाटात न ठेवता शिकवणाऱ्या प्रत्येकाला दाखवावा.

वर्गातील इतर मुलांना काय सांगायचे हे त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारूनच ठरवावे. जोडीदार नेमायचा तर तो दर महिन्याला बदलावा, म्हणजे एकाच मुलावर ओझे पडत नाही आणि ओळखी वाढतात. कधी-कधी या मुलालाही दुसऱ्याचा जोडीदार करावे. गणितात अडखळणारी मुलगी चित्रकलेच्या तासाला शेजारणीला रंग मिसळायला शिकवू शकते.

एप्रिलच्या अखेरीस, निकाल लावण्याच्या गडबडीत, एक पान मात्र आवर्जून लिहून ठेवावे. मुलाला कोणत्या बाजूने ऐकू येते, कोणत्या अक्षरांवर तो अडतो, फिट शेवटची कधी आली, कोणती औषधे चालू आहेत, कशाने घाबरतो, कशाने खुलतो, काय करून पाहिले आणि त्यातले काय फसले, घरी कोणाशी बोलल्यावर काम होते. शिक्षकांच्या बदल्या होतात, वर्ग बदलतात आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा त्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून ‘याला काहीच येत नाही’ हे ऐकावे लागते. ते पान वर्गाच्या कपाटात, हजेरीपटाच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावे आणि त्याची एक प्रत आईकडे द्यावी.